थोरल्या भावाचें पाप

पापाचा त्याग आणि दुसऱ्याविषयीं करुणा हे ख्रिस्ती जीवनाचे दोन निरनिराळे धडे आहेत, अशी आमची लहानपणापासून समजूत होती. रविवारच्या शाळेंत ते निरनिराळ्या दिवशीं शिकविले जात. पहिला धडा कठीण, कारण तो स्वतःच्या मनाशीं झगडण्याचा; दुसरा सोपा, कारण तो शेजाऱ्यास चार शब्द गोड बोलण्याचा व एखादी भाकरी देण्याचा. पहिला एकदां पुरा झाला म्हणजे दुसरा मागोमाग आपोआप येतो, असेंहि आम्ही गृहीत धरून चाललों होतों. आज सत्तरी उलटल्यावर ही समजूत खोटी होती हें आम्हांस कळून चुकलें आहे. चूक नुसती विचारांत राहिली असती तर तिच्याविषयीं लिहिण्याचें कारण नव्हतें. परंतु तिची किंमत दुसऱ्या एका माणसानें भरली, आणि तो माणूस आमच्याच घरांत वाढलेला होता. म्हणून हा लेख.

आमचें घर नगर जिल्ह्यांतलें. अमेरिकन मराठी मिशननें १८३१ सालीं नगरास काम आरंभिलें, आणि पुढें जीं खेडीं त्या कामाच्या कक्षेंत आलीं त्यांपैकीं एकांत आमच्या पणजोबांनीं बाप्तिस्मा घेतला. घरांत दोन वस्तूंना मान होता. एक पवित्र शास्त्राची जाड प्रत. तिच्या कोऱ्या पानांवर तीन पिढ्यांचे जन्ममृत्यु निरनिराळ्या शाईंत लिहिलेले होते. दुसरी वडिलांची बाजाची पेटी. रविवारीं संध्याकाळीं त्या पेटीवर नारायण वामन टिळकांचीं भजनें होत. वडील पेटीवर, आई टाळांवर, आणि आम्ही मुलें ओळ चुकली तरी आवाज न सोडतां मागें. चुलते अकालीं वारल्यामुळें त्यांचा एकुलता एक मुलगा आमच्याच घरीं वाढला. तो आमच्याहून अठरा वर्षांनीं लहान. आम्हांस सख्खा धाकटा भाऊ नव्हता. ती उणीव त्यानें भरून काढली. तो आम्हांस दादा म्हणे, आणि दादा जें करील तें त्यास खरें वाटे.

१९७७ सालीं आम्ही तालुक्याच्या गांवीं शिक्षक झालों आणि त्याच वर्षीं पिऊं लागलों. कारण कांहीं मोठें नव्हतें. दुःख नव्हतें, निराशा नव्हती. संध्याकाळ मोठी होती आणि सोबत तशी मिळाली. पुढें सोबत गेली तरी संध्याकाळ राहिली. पिणाऱ्याच्या अधोगतीचीं वर्णनें वाचकांनीं पुष्कळ वाचलीं असतील. त्यांत आम्हांस भर घालावयाची नाहीं. एकच गोष्ट सांगतों. १९८४ सालीं, वडील वारून दोन वर्षें झालीं असतां, आम्हीं त्यांची बाजाची पेटी विकली. ती दुकानांत नेतांना चुलतभावानें, वय वर्षें तेरा, आम्हांस रस्त्यावर पाहिलें. रात्रीं आईनें विचारलें, "पेटी कुठें गेली रे?" आम्ही शब्द शोधीत होतों, तोंच तो मुलगा ताटावरून मान वर न करतां म्हणाला, "भाता फाटला होता, मोठीआई. दादांनीं दुरुस्तीला दिली आहे." त्यानंतर त्या घरांत पेटीचा विषय कोणीं काढला नाहीं. आई मरेपर्यंत ती दुरुस्तीलाच होती.

आमचें पिणें सुटलें तें १९८६ च्या पावसाळ्यांत. तें कसें सुटलें हें आम्हीं पुढें जसें सांगितलें तसें नव्हे, तर जसें घडलें तसें येथें लिहून ठेवतों. आमच्या मंडळीला त्या वर्षीं एक वृद्ध पाळक आले. एके दिवशीं दिवेलागणीस ते आमच्या दारांत उभे राहिले आणि म्हणाले, "चला मास्तर, बंधाऱ्यापर्यंत जाऊन येऊं." आम्हांस नाहीं म्हणण्याचें धैर्य झालें नाहीं. वाटेनें ते बाजरीविषयीं बोलले, आपल्या लहानपणच्या एका खोडकर बैलाविषयीं बोलले, पावसाविषयीं बोलले. दारूचा शब्द त्यांनीं काढला नाहीं. परत येईपर्यंत सव्वा तास झाला होता. जेवणाची वेळ झाली, आणि दुकानाची वेळ टळली. दुसऱ्या दिवशीं ते पुन्हां आले. तिसऱ्या दिवशींहि आले. चिखल असो, भुरभूर असो, दोन महिने हा माणूस दिवेलागणीस आमच्या दारांत उभा राही. मध्यें दोनदां आम्ही त्यांस चुकवून दुकानांत गेलों. दुसऱ्या दिवशीं ते तितक्याच सहजपणें आले आणि त्याच बैलाची गोष्ट पुढें सांगूं लागले. अखेर एके संध्याकाळीं न राहवून आम्हीं विचारलें, "आपण मला पिण्याविषयीं कधींच कसें बोललां नाहीं?" ते थांबले आणि म्हणाले, "मास्तर, माझा डावा गुडघा दुखतो हें तुम्ही मला कधीं बोललां नाहीं. पण तुम्हीं चाल मंद केलीत." एवढें बोलून ते पुढें चालूं लागले. वर्षभरांत त्यांची बदली झाली. आम्ही पुन्हां प्यालों नाहीं.

येथवरची हकीकत ऐकून कोणासहि वाटेल कीं, ज्यास अशी दया मिळाली तो दयाळू होईल. आम्ही झालों नाहीं. दारू सुटल्याची तारीख आम्हीं रोजनिशींत लाल शाईनें लिहिली, आणि दर वर्षीं त्या दिवशीं मागील वर्षांची संख्या तिच्यापुढें मांडूं लागलों. दारूबंदीच्या सभांतून आम्हांस बोलावणें येऊं लागलें. पहिल्या भाषणांत आम्हीं पाळकांच्या फेरफटक्यांचें सविस्तर वर्णन केलें होतें. पुढें त्याचें एक वाक्य राहिलें. नंतर वाक्याचा अर्धा भाग. शेवटीं तोहि गळाला. "माणसानें मनांत आणलें कीं सुटते," हें आमचें सूत्र होऊन बसलें. श्रोत्यांस तें आवडे, कारण तें सोपें होतें. आम्हांस तें अधिक आवडे, कारण त्यांत आमचें नांव होतें. १९९५ सालीं आम्ही मंडळीच्या पंचांत निवडून आलों. प्रभुभोजनास कोणास बसूं द्यावें व कोणास कांहीं काळ दूर ठेवावें अशा प्रश्नावर आमच्या मताला वजन असे. तें मत नेहमीं कडक असे. लोक म्हणत, मास्तर स्वतः त्यांतून बाहेर आले आहेत, त्यांना ठाऊक आहे.

पाप जातांना आपलें घर मोकळें करून जातें असें नाहीं. पुष्कळदां तें आपल्या जागीं भाडेकरू ठेवून जातें. आमच्या बाबतींत तो भाडेकरू पांढरा सदरा घालून आला, उपासनेस वेळेवर हजर राहूं लागला, आणि म्हणून कोणीं त्यास ओळखलें नाहीं. दारूनें आमचे हात थरथरत. ह्याच्यामुळें आमचा आवाज स्थिर झाला. दारूच्या दिवसांत निदान एक गोष्ट होती: दुसऱ्याकडे बोट दाखविण्याची आमची छाती नव्हती.

आतां त्या रात्रीकडे वळतों. २००१ सालच्या नाताळची ती आदली रात्र. तरुण मंडळी ढोलकी घेऊन घरोघर गात हिंडत होती. ती आमच्याकडे येईल म्हणून आम्हीं करंज्या काढून ठेविल्या होत्या. दार वाजलें. उघडलें तों समोर चुलतभाऊ. त्याचें वय तेव्हां तीस. त्याला पिण्याचा नाद लागल्याचें आम्हांस दोनतीन वर्षें माहीत होतें, आणि आम्हीं त्याला त्याबद्दल प्रत्येक भेटींत चार शब्द सुनावलेहि होते. गळ्यांत मफलर, तोंडाला वास. तो म्हणाला, "दादा, तुम्हांला एक विचारायचं आहे." आम्ही म्हणालों, "पैसे मिळणार नाहींत." तो म्हणाला, "पैसे नकोत." आम्ही म्हणालों, "प्यालेल्या माणसाचें ह्या घरांत काम नाहीं. शुद्धीवर आलास म्हणजे ये." त्यावर शास्त्रांतलें एक वचनहि आम्हीं त्यास ऐकविलें, आणि दार लावून घेतलें. गाणारी मंडळी थोड्या वेळानें आली, तारणाऱ्याच्या जन्माचीं गीतें म्हणून, करंज्या खाऊन गेली.

आमच्या पत्नीनें मागच्या दारानें त्याला पिठलेंभाकर दिली. तुळईला टेकून तो जेवला आणि म्हणाला, "वहिनी, दादांची कशी सुटली, एवढंच विचारायचं होतं." सकाळीं आम्ही देवळांत जाण्यासाठीं कपडे करीत असतां तिनें हें आम्हांस सांगितलें. आम्ही काय उत्तर दिलें तें लिहितांना अजून हात अडतो. आम्ही म्हणालों, "पिणाऱ्यांचीं सोंगें तूं मला शिकवूं नकोस." आणि देवळांत जाऊन पहिल्या रांगेंत बसलों. नव्या वर्षांत चुलतभावाची नोकरी गेली. त्याची बायको लहान मुलीला घेऊन माहेरीं निघून गेली. आणि तो गांव सोडून कोठें गेला हें आम्हांस पुष्कळ दिवस कळलें नाहीं. आम्हीं विचारलेंहि नाहीं.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायांतला तो निर्दय चाकराचा दृष्टांत आम्हीं रविवारच्या शाळेंत किती वेळां शिकविला असेल कोण जाणे. राजा एका चाकराचें दहा हजार तालांतांचें कर्ज माफ करतो. तोच चाकर बाहेर पडतांच आपल्या सोबत्याचा शंभर दिनारांसाठीं गळा धरतो. आम्ही गणिताचे शिक्षक. परंतु ह्या दृष्टांतांतलें गणित आम्हीं कधीं केलें नव्हतें. एक दिनार म्हणजे शेतमजुराची एका दिवसाची मजुरी, हें त्याच शुभवर्तमानांतील द्राक्षमळ्याच्या दृष्टांतावरून दिसतें. एक तालांत म्हणजे सुमारें ६००० दिनार. तेव्हां सोबत्याचें कर्ज शंभर दिवसांचें, आणि चाकराचें सहा कोटि दिवसांचें. दुसऱ्याच्या सहा लक्षपट. सहा कोटि दिवस म्हणजे दीड लाखाहून अधिक वर्षें. असें कर्ज कोणीं फेडीत नाहीं. तरी तो चाकर राजाच्या पायां पडून "मुदत द्या, सगळें फेडतों" असेंच म्हणतो. आम्हांस आतां वाटतें कीं त्याचा सर्व घात ह्या वाक्यांत आहे. राजानें त्यास मुदत दिली नाहीं, माफी दिली. पण तो बाहेर पडला तो आपल्याला मुदत मिळाली आहे अशाच समजुतीनें. माफी मिळाली असें ज्यास वाटतें तो सैल हातानें चालतो. मुदत मिळाली असें ज्यास वाटतें तो पहिला ऋणको भेटतांच वसुलीस लागतो. लाल शाईंतली आमची ती तारीख म्हणजे आम्हीं फेडलेल्या हप्त्यांची वही होती.

मंडळीच्या इतिहासांत हा प्रश्न फार जुना आहे. २५० सालीं रोमचा बादशहा डेसियस ह्याच्या हुकुमानें साम्राज्यांतील लोकांस देवतांपुढें यज्ञ करून तसा दाखला घ्यावा लागला. कित्येक ख्रिस्ती जिवाच्या भीतीनें यज्ञास गेले. कित्येकांनीं यज्ञ न करतां पैसे देऊन दाखले मिळविले. कांहीं तुरुंगांत गेले, कांहीं मेले. छळ ओसरल्यावर पडलेले लोक परत आले आणि प्रभूच्या मेजाशीं जागा मागूं लागले. रोम येथें नोव्हेशियन नांवाच्या विद्वान वडिलानें असें मत धरलें कीं, इतक्या मोठ्या पापाची क्षमा देवानें हवी तर करावी, मंडळीस तो अधिकार नाहीं. आणि त्यावरून फूट पडली. उत्तर आफ्रिकेंतील कार्थेज येथें उलट प्रकार झाला. जे स्वतः तुरुंगांत यातना सोशीत होते त्यांनींच पडलेल्यांसाठीं शिफारसपत्रें लिहून दिलीं. तेथील अध्यक्ष सिप्रियन ह्यांस हा उतावळेपणा पसंत पडला नाहीं. २५१ सालीं सभा भरवून त्यांनीं प्रत्येकाची चौकशी व पश्चात्तापाचा काळ ठरविला. परंतु दोनएक वर्षांत नव्या छळाचीं चिन्हें दिसूं लागतांच त्याच सिप्रियननीं पश्चात्ताप करणाऱ्या सर्वांस एकदम परत घेतलें. लढाईवर ज्यांना पाठवावयाचें त्यांना उपाशी पाठवितां येत नाहीं, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पुढें २५८ सालीं सिप्रियन स्वतः शिरच्छेदानें मेले.

ह्या हकीकतींत आमच्या मनांत रुतून बसलीं तीं शिफारसपत्रें. बेड्यांच्या जखमा अंगावर असतां त्या माणसांनीं, बेडीच्या भयानें पळालेल्यांची बाजू घेतली. यातना किती असतात हें त्यांस ठाऊक होतें, म्हणून पळणाऱ्याचा त्यांना राग आला नाहीं. आम्हांसहि मोह किती असतो हें ठाऊक होतें. मग आम्हांस राग कां आला? आम्हांस असें वाटतें कीं, त्यांनीं आपली भीति आठवणींत ठेविली होती, आणि आम्हीं केवळ आपला जय. चौथ्या शतकांत मिसर देशांतील स्केतिसच्या रानांत मोशे नांवाचे साधु होते. ते पूर्वाश्रमीं दरोडेखोर होते. एका बंधूच्या अपराधाचा निवाडा करण्यास इतरांनीं त्यांना बोलाविलें, तेव्हां ते पाण्याचा गळका घडा पाठीवर घेऊन सभेस आले. मागें वाटभर पाण्याचा माग. हें काय म्हणून विचारतां त्यांनीं सांगितलें कीं आपलीं पापें अशीं आपल्यामागें सांडत आहेत, आपल्याला तीं दिसत नाहींत, आणि आपण दुसऱ्याचा न्याय करावयास निघालों आहों. सभेनें त्या बंधूस क्षमा केली. मोशे ह्यांचा दरोडेखोरीवरचा जय आमच्या जयापेक्षां लहान नव्हता. पण घडा त्यांनीं खालीं ठेविला नव्हता.

आमच्याच भागांत झालेल्या एका बाईंचें उदाहरण ह्या संबंधांत सहज आठवतें. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रें' ह्या ग्रंथाचा पहिला भाग १९३४ सालीं प्रसिद्ध झाला. पति १८९५ सालीं ख्रिस्ती झाले, तेव्हांपासून १९०० सालीं स्वतः बाप्तिस्मा घेईपर्यंत त्यांनीं काय सोसलें तें त्यांत आहे. पतीचा संताप आणि लहर हींहि लपविलेलीं नाहींत. तरी पुस्तक मिटतांना वाचकाच्या मनांत टिळकांविषयीं प्रेमच उरतें. ह्याचें कारण असें कीं, ज्या सैल हातानें बाईंनीं पतीचे दोष सांगितले त्याच हातानें स्वतःचें अज्ञान, भित्रेपणा व सोवळेंओवळें सांगितलें. दुसऱ्याचें पाप बोलून दाखविण्याचा अधिकार असलाच तर तो ह्या मार्गानें मिळतो.

२००९ सालीं आई वारली. दफनविधीस चुलतभाऊ आला. आठ वर्षांनीं आम्ही त्यास पाहत होतों. केस पिकले होते, पण डोळे स्वच्छ होते. मोठीआईवर त्यानें माती लोटली, आणि मागें राहून फावडेंहि त्यानेंच पुसून ठेविलें. संध्याकाळीं ओट्यावर दोघेच होतों. त्यानें सांगितलें कीं त्याला तीन वर्षें झालीं. एका कारखान्याच्या गांवीं कांहीं पिणारे दर आठवड्यास एकत्र बसतात; कोणी कोणास उपदेश करीत नाहीं; ज्यानें त्यानें आपलेंच सांगावयाचें. ह्या मंडळाचा आरंभ कसा झाला तेंहि त्यानें सांगितलें, आणि तें पुढें आम्हीं वाचून पडताळून पाहिलें.

बिल विल्सन नांवाचा न्यूयॉर्कचा रोख्यांच्या धंद्यांतला एक माणूस १९३४ च्या डिसेंबरांत पिणें सोडून बसला होता. तो दुसऱ्या पिणाऱ्यांस गांठून आपल्या आत्मिक अनुभवाचा उपदेश करीत सुटला. कित्येक महिने गेले, पण त्याच्या उपदेशानें एकाचेंहि पिणें सुटलें नाहीं. डॉक्टरनें त्यास सांगितलें कीं उपदेश थांबव. १९३५ च्या मे महिन्यांत धंद्याच्या कामासाठीं तो ओहायोंतील अॅक्रन गांवीं गेला, काम फसलें, आणि हॉटेलांत एका बाजूस मद्यगृहाचा गलबला ऐकत तो एकटा उभा राहिला. त्या क्षणीं त्यास उमगलें कीं, आपण वांचावयाचें असेल तर आपल्याला आत्तांच दुसरा पिणारा गांठला पाहिजे. त्यानें धर्मोपदेशकांस टेलिफोन लावले, आणि त्या मार्गानें डॉक्टर रॉबर्ट स्मिथ नांवाच्या शस्त्रवैद्याची गांठ पडली. स्मिथ पंधरा मिनिटें बसण्याच्या बोलीवर आले होते. ते कित्येक तास बसले. कारण समोरचा माणूस त्यांना सुधारावयास आला नव्हता. तो स्वतःच्या जिवासाठीं बोलत होता. स्मिथनीं शेवटचा पेला घेतला तो १० जून १९३५ रोजीं. तोच अल्कोहॉलिक्स अॅनॉनिमस ह्या मंडळाचा स्थापनादिन मानतात.

ही कथा आमच्या चुलतभावानें आम्हांस टोमणा म्हणून सांगितली नव्हती. तो टोमणे मारणारा नव्हेच. परंतु ती ऐकतांना रविवारच्या शाळेंतले आमचे दोन धडे एकमेकांत मिसळले. विल्सन करुणेचें कृत्य करावयास निघाला नव्हता, आणि पापावर जय मिळवून मग त्याची शिल्लक वांटावयासहि निघाला नव्हता. दुसऱ्याजवळ जाऊन बसणें हाच त्याच्या पापावरचा उपाय होता. आणि आमचे वृद्ध पाळक? ते दोन महिने कोणाच्या गरजेसाठीं चालले होते? आमच्या, असें आम्ही आजवर धरून चाललों होतों. परंतु दुखऱ्या गुडघ्याचा एक एकाकी म्हातारा दिवेलागणीस कोणाचें तरी दार गांठतो, ह्यांत त्याचीहि कांहीं संध्याकाळ टाळावयाची असेल, हें आमच्या ध्यानांत तेवीस वर्षांनीं आलें.

आम्हीं चुलतभावास म्हटलें, "त्या रात्रीं मी दार लावलें. तूं कशासाठीं आला होतास तें मला दुसऱ्या दिवशीं कळलें होतें, आणि तरी मी आलों नाहीं." हीं दोन वाक्यें बोलण्यास आम्हांस पिणें सोडण्यापेक्षां अधिक कष्ट पडले. तो कांहीं वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "दादा, त्या रात्रीं मी प्यालेलोच होतों. तुम्ही घरांत घेतलं असतं तरी माझी सुटली असती असं नाहीं. पण विचारल्याचं समाधान झालं असतं." थोड्या वेळानें तो हंसला आणि म्हणाला, "बरं, आतां सांगा. कशी सुटली?" तेव्हां सोळासतरा वर्षांत प्रथमच आम्हीं पाळकांची, बंधाऱ्याची, बैलाची आणि गुडघ्याची गोष्ट सबंध सांगितली. पेटीचीहि सांगूं लागलों. त्यानें हातानें थांबविलें. म्हणाला, "ती मला ठाऊक आहे."

येथें एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. असल्या करुणेनें पापाचें भय नाहींसें होणार नाहीं काय? ज्या दारुड्यानें बायकोमुलांस उपाशी ठेविलें त्याच्याजवळ मायेनें बसणें हा त्या बायकोमुलांवर अन्याय नव्हे काय? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं, कारण तो आमच्या घरांतूनच आला. आमची ही सारी हकीकत ऐकून पत्नी म्हणाली, "तुम्ही दोघे भाऊ एकमेकांच्या गळ्यांत पडलांत तें चांगलें झालें. पण त्याची बायको त्या काळीं काय खात होती, आणि मी काय खात होतें, तें तुमच्या गोष्टींत कुठें आलें नाहीं." तिला उत्तर नव्हतें. आम्ही प्यालों तेव्हां तिच्या वांट्याची क्षमा आम्हीं देवाजवळ मागितली होती आणि मिळाली असें धरून चाललों होतों; तिच्याजवळ मागितली नव्हती. ती तेव्हां मागितली. ती म्हणाली, "पाहूं." तिनें कबुली देण्यास घाई केली नाहीं, आणि तिनें ती करावी असें म्हणण्याचा हक्क आम्हांस नाहीं. चुलतभावाची बायको अजून माहेरींच असते. तो दर महिन्यास पैसे नेऊन देतो, मुलीस भेटतो, आणि परत येतो. त्या घराचें दार त्याला उघडावें किंवा नाहीं हें आम्हीं ठरवावयाचें नाहीं. करुणा म्हणजे दुसऱ्याचें येणें सोडून देणें नव्हे. योहानाच्या शुभवर्तमानांतल्या त्या बाईला प्रभूनें धोंड्यांपासून वांचविलें, आणि पुन्हां पाप न करण्याविषयींहि सांगितलें; परंतु क्रम असा कीं, धोंडे आधीं खालीं पडले. आमच्या हातांत धोंडा असेपर्यंत आमचा उपदेश हा धोंड्याचाच भाग होता.

उधळ्या पुत्राचा दृष्टांत सांगतांना आम्ही नेहमीं धाकट्याच्या परतण्यावर थांबत असूं. खरें पाहतां लूकानें तो तेथें संपविलेला नाहीं. थोरला शेतांतून येतो, वाद्यांचा आवाज ऐकतो, रागावतो, बाहेरच उभा राहतो. बाप त्याची समजूत घालण्यास अंगणांत येतो. आणि गोष्ट तेथेंच तुटते. थोरला आंत गेला कीं नाहीं तें सांगितलेलें नाहीं. आम्ही धाकट्याच्या वाटेनें घरीं आलों, आणि घरीं आल्यावर थोरले झालों. असें होतें हें कोणीं आम्हांस सांगितलें नव्हतें. घरांत राहून बाहेर उभें राहण्याचें हें जें पाप, त्यावर आम्हीं जय मिळविला असें म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. रोजनिशींत तारीख मांडण्याचें मात्र सोडलें आहे.

गेलीं चार वर्षें आमच्या गल्लींतला एक तरुण मोटारचालक दिवेलागणीस आमच्याबरोबर बंधाऱ्यापर्यंत येतो. कधीं येतो, कधीं येत नाहीं. न आल्यास दुसऱ्या दिवशीं आम्ही त्याच्या दारांत जाऊन उभे राहतों. त्याचें पिणें सुटलेलें नाहीं. सुटेल कीं नाहीं हें आम्हांस सांगतां येत नाहीं. आतां आमचाहि गुडघा दुखतो. परवां चढावर त्यानें आपण होऊन चाल मंद केली. आम्ही कांहीं बोललों नाहीं.